पन्नास अश्वशक्तीच्या अलीकडचा धूर

१ एप्रिल २०२० रोजी देशभरातल्या पंपांवरचं डिझेल बदललं. टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता, रस्ते ओस पडले होते आणि लोकांच्या मनात वेगळीच काळजी होती, त्यामुळे या बदलाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आदल्या दिवसापर्यंत डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे ५० भाग चालत होते. त्या दिवसापासून ही मर्यादा १० वर आली. भारत स्टेज सहा म्हणतात तो हाच टप्पा. या स्वच्छ इंधनावर चालण्यासाठी घडवलेली इंजिनं घेऊनच मग नवे ट्रक, बस आणि मोटारी बाजारात आल्या.

हेच डिझेल कॅनमध्ये भरून शेतावर गेलं. बांधकामावरच्या पोकलेनमध्ये, खडी केंद्रावरच्या लोडरमध्ये, मंगल कार्यालयामागच्या जनरेटरमध्ये आणि विहिरीवरच्या पंपातही तेच ओतलं गेलं. पण या यंत्रांची इंजिनं जुन्याच नियमांवर घडलेली होती. इंधनाने आपलं काम केलं, आता पाळी यंत्रांची होती. ती पाळी मोठ्या यंत्रांवर आली, तीही उशिरा. संख्येने सर्वांत जास्त असलेल्या यंत्रांपर्यंत मात्र ती पोचलीच नाही.

रस्त्यावर मालाची किंवा माणसांची ने-आण करण्यासाठी जे डिझेल इंजिन बनवलेलं नाही, ते सगळं या ‘ऑफ-रोड’ गटात येतं. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, जेसीबी, पोकलेन, रोड रोलर, क्रेन, काँप्रेसर, जनरेटर यांची नियमावली ट्रकपेक्षा निराळी असते आणि जगभर ती मागाहूनच आली. अमेरिकेत ट्रकच्या धुरावर १९७० च्या दशकापासून बंधनं आहेत. शेतातल्या आणि बांधकामावरच्या इंजिनांना पहिला नियम लागला तो १९९६ पासून. युरोपात हे १९९९ मध्ये झालं. यामागे एक समजूत होती. ही यंत्रं माळावर, खाणीत, गावाबाहेर चालतात, धूर हवेत विरून जातो, कुणाला त्रास होत नाही, असं सगळे धरून चालले होते.

त्रास होत होता तो यंत्राच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाला. ट्रॅक्टरचा सायलेन्सर बॉनेटवर, चालकाच्या समोर असतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना केबिन नाही. नांगरटीला वारा समोरून असला की धूर थेट तोंडावर येतो आणि हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं. इमारतीच्या पायासाठी खोल खड्डा खणणाऱ्या पोकलेनचा ऑपरेटर तर त्या खड्ड्यातच असतो. चारही बाजूंना मातीच्या उभ्या भिंती असतात आणि वारा खाली उतरत नाही.

या धुराने माणसाचं नेमकं काय होतं, हे सिद्ध करायला खाणकामगारांचा अभ्यास करावा लागला. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी तिथली सरकारी संस्था यांनी १९९० च्या दशकात हे काम हाती घेतलं. पोटॅश, मीठ, चुनखडी अशा धातू नसलेल्या खनिजांच्या आठ खाणी निवडल्या, कारण तिथे रेडॉन, सिलिका यांसारखे फुप्फुसाचे इतर शत्रू कमी होते आणि डिझेलवर चालणारी यंत्रं भरपूर होती. एकूण १२,३१५ कामगारांच्या नोंदी तपासल्या गेल्या. खाण उद्योगाने हा अभ्यास कोर्टात खेचला, त्यात वर्षं गेली. अखेर मार्च २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांनी वर्षानुवर्षं जास्त धूर घेतला होता, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सर्वांत कमी धूर घेणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. सिगारेटचा हिशेब वेगळा काढूनही हा फरक टिकला. तीनच महिन्यांनी, जून २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला ‘माणसात कर्करोग घडवणारा’ अशा पहिल्या गटात टाकलं. त्याआधी २४ वर्षं तो ‘बहुधा घडवणारा’ या गटात होता.

हा धूर तयार कसा होतो, हे समजल्याशिवाय तो कमी करणं इतकं अवघड का गेलं ते कळत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर येताना सिलिंडरमधली हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्याही पुढे तापते. त्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सुटला की तो आपोआप पेटतो. पण डिझेल आणि हवा पूर्ण मिसळायला वेळ मिळत नाही. फवाऱ्याच्या गाभ्यात डिझेल जास्त आणि हवा कमी असते. तिथलं इंधन पूर्ण न जळता कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, तीच काजळी. फवाऱ्याच्या कडेला उलट घडतं. तिथे हवा पुरेशी असते, ज्योत फार तापते आणि त्या उष्णतेत एरवी निष्क्रिय असलेला हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. यातून नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. दमेकऱ्याची छाती ते आवळतात आणि उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगतचा ओझोन बनवतात.

अभियंत्यांची खरी कोंडी इथे होती. ज्वलन जास्त गरम आणि पूर्ण करावं तर काजळी घटते, पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. ज्वलन थंड करावं तर ऑक्साइड घटतात आणि काजळी वाढते. नुसत्या सिलिंडरच्या आत कितीही सुधारणा केली तरी दोन्ही एकाच वेळी फार खाली नेता येत नव्हती. शिवाय डोळ्यांना दिसणारा काळा धूर हा या प्रकरणाचा केवळ एक भाग आहे. धुरातले बहुसंख्य कण १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढे. ते नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या शेवटच्या कोषापर्यंत पोचतात. म्हणून ‘आता धूर दिसत नाही’ एवढ्याने इंजिन स्वच्छ झालं असं ठरत नाही.

या कोंडीतून वाट निघाली ती डोंगराच्या पोटात. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वताखालून रेल्वेचे लांबच लांब बोगदे खणायचं ठरलं. त्यांतला गॉटहार्डचा बोगदा ५७ किलोमीटरचा, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. तो जून २०१६ मध्ये सुरू झाला. खणणारी मुख्य यंत्रं विजेची असली तरी मागे लोडर, डंपर, काँक्रीट वाहणाऱ्या गाड्या, छोटी इंजिनं असा डिझेलचा मोठा ताफा असणार होता. बाहेरून ताजी हवा आत ढकलून धूर पातळ करायचा हा जुना उपाय. एवढ्या लांबीच्या बोगद्यात हवेने कामगारांचं संरक्षण होणार नाही, हे हिशेब मांडल्यावर स्पष्ट झालं. तेव्हा स्वित्झर्लंडची कामगार अपघात विमा संस्था, ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या तशाच संस्था आणि स्विस पर्यावरण खातं यांनी मिळून ‘व्हर्ट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. विम्याचे पैसे देणाऱ्या संस्थांनीच पुढाकार घेतला होता. कामगार आजारी पडला तर भरपाई त्यांनाच द्यावी लागणार होती.

व्हर्टने आधी मोजमाप बदललं. तोपर्यंत काजळीचं वजन मोजत असत. पण अतिसूक्ष्म कणांचं वजन नगण्य असतं. शंभर मोठे कण अडवले आणि लाखो बारीक सोडून दिले तरी वजनकाटा खूश राहतो. व्हर्टच्या मंडळींनी कणांची संख्या मोजायला सुरुवात केली. मग त्यांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्या यंत्रांवर वेगवेगळे उपाय बसवून पाहिले. इंधनात भर घालणं, इंजिन जुळवणं, नुसता उत्प्रेरक बसवणं अशा सगळ्यांची कणसंख्येवर परीक्षा झाली. त्यात ठामपणे टिकली ती एकच गोष्ट: सिरॅमिकची गाळणी.

ही गाळणी मधाच्या पोळ्यासारखी दिसते. तिच्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंदीच्या हजारो लांब नळ्या असतात. शेजारशेजारच्या नळ्यांची तोंडं आळीपाळीने बंद केलेली असतात. एकीचं पुढचं, दुसरीचं मागचं. धूर उघड्या नळीत शिरतो आणि पुढे वाट नसल्याने त्याला सच्छिद्र भिंतीतून पलीकडच्या नळीत जावं लागतं. वायू जातो, काजळी भिंतीवर राहते. चांगली गाळणी कणांच्या संख्येतले ९५ टक्क्यांहून जास्त कण अडवते, अनेकदा ९९ टक्केही.

साचलेल्या काजळीचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. ती जाळावी लागते. इंजिन जोरात चालत असेल आणि पुढे उत्प्रेरक असेल तर तीनशे-चारशे अंशांच्या धुरातच ती हळूहळू जळून जाते. इंजिन हलक्या कामावर असेल, नुसतं घुरघुरत उभं असेल, तर धूर तेवढा तापत नाही. मग थोडं जादा डिझेल जाळून गाळणीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं. याला ‘रिजनरेशन’ म्हणतात. वंगणतेलातून येणारी राख मात्र जळत नाही. काही हजार तासांनी गाळणी काढून ती साफ करावी लागते. स्वित्झर्लंडने हे सगळं बोगद्यात शिकून घेतलं, २००२ मध्ये उघड्यावरच्या मोठ्या बांधकामांनाही तोच दंडक लावला आणि २००९ पासून टप्प्याटप्प्याने १८ किलोवॉटच्या वरच्या सगळ्या बांधकाम यंत्रांना गाळणी सक्तीची केली. एका किलोवॉट-तासाच्या कामामागे एक लाख कोटी कण, याहून जास्त नाही, अशी त्यांनी आखलेली रेषा पुढे युरोपच्या पाचव्या टप्प्याच्या नियमांत जशीच्या तशी आली. २०१९-२० पासून युरोपात विकलं जाणारं मध्यम आकाराचं प्रत्येक नवं ट्रॅक्टर किंवा पोकलेन इंजिन ही रेषा पाळतं.

काजळीला गाळणी मिळाल्यावर कोंडी सुटली. आता ज्वलन काजळीकडे झुकवायचं की उष्णतेकडे, हे मोकळेपणाने ठरवता येऊ लागलं. नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी दुसरा उपाय आला: युरियाचं द्रावण. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया मिसळलेलं हे द्रावण तापलेल्या धुरात फवारलं की त्याचा अमोनिया बनतो आणि उत्प्रेरकावर तो ऑक्साइडांचं पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. नव्या ट्रकच्या डिझेल टाकीजवळ निळ्या झाकणाची जी लहान टाकी दिसते ती याचीच. या सगळ्यासाठी कमी गंधकाचं डिझेल ही पूर्वअट आहे, कारण गंधकाने उत्प्रेरक मरतो. भारतात ती अट २०२० मध्येच पुरी झाली.

मग आपल्याकडे अडलं कुठे?

भारतात शेती ट्रॅक्टरांसाठी ‘ट्रेम’ आणि बांधकाम यंत्रांसाठी ‘सीईव्ही’ अशा दोन नियममालिका आहेत. २०१८ मध्ये अधिसूचना निघाली तेव्हा चौथा टप्पा ऑक्टोबर २०२० मध्ये आणि पाचवा एप्रिल २०२४ मध्ये लागायचा होता. बांधकाम यंत्रांना चौथा टप्पा एप्रिल २०२१ मध्ये लागला आणि पाचवा जानेवारी २०२५ मध्ये. त्यामुळे आज नवं विकत घेतलेलं मोठं पोकलेन युरोपातल्या यंत्राच्या जवळपास बरोबरीचं स्वच्छ आहे. ही मोठी मजल आहे, आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

ट्रॅक्टरांची गोष्ट वेगळी झाली. चौथा टप्पा पुन्हा पुन्हा पुढे जात जानेवारी २०२३ मध्ये लागला, तोही ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाच. पाचवा टप्पा २०२४ वरून २०२६ वर ढकलला गेला आणि लहान ट्रॅक्टरांना त्यातही आणखी मुदत हवी, असा उत्पादकांचा आग्रह राहिला. भारत हा जगातला सर्वांत मोठा ट्रॅक्टर बाजार; वर्षाला नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर इथे विकले जातात. त्यांतले बहुसंख्य ५० अश्वशक्तीच्या आतले आहेत, कारण आपल्या शेतांचा आकार आणि शेतकऱ्याची ऐपत तेवढीच आहे. म्हणजे नियम आला तो ट्रॅक्टरांच्या एका लहान हिश्शापुरता.

आकडे पाहिले की याचा अर्थ कळतो. ४५ अश्वशक्तीच्या, म्हणजे साधारण ३३ किलोवॉटच्या ट्रॅक्टरला तिसऱ्या टप्प्याच्या नियमाने एका किलोवॉट-तासामागे ०.६ ग्रॅम काजळी सोडायची मुभा आहे. त्याच्या शेजारी उभ्या ५५ अश्वशक्तीच्या नव्या ट्रॅक्टरला ०.०२५ ग्रॅम. पाचव्या टप्प्यात हीच मर्यादा ०.०१५ आहे. पूर्ण ताकदीने तासभर रोटाव्हेटर ओढताना लहान ट्रॅक्टर नियमात राहूनही वीस ग्रॅमपर्यंत काजळी सोडू शकतो. पाचव्या टप्प्याचं तेवढंच इंजिन अर्ध्या ग्रॅमवर थांबतं. दहा अश्वशक्तीचा फरक आणि काजळीची परवानगी चोवीस पट! बाजाराने ही रेषा लगेच ओळखली. ४९ आणि ४९.५ अश्वशक्तीची मॉडेलं ठळकपणे दिसू लागली. अमेरिकेतही असंच झालं आहे. तिथे २५ अश्वशक्तीच्या वर गाळणीची गरज पडते, म्हणून २४ आणि काही दशांश अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली आहे. नियमात पायरी ठेवली की यंत्रं त्या पायरीच्या खाली गोळा होतात.

उत्पादकांची बाजू खोटी नाही. गाळणी, उत्प्रेरक, संवेदक आणि जास्त दाबाने डिझेल फवारणारी इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल व्यवस्था यांनी किंमत वाढते. मोठ्या यंत्राच्या किमतीत ती वाढ मुरते, पण लहान ट्रॅक्टरवर ती डोईजड होते. कर्ज काढून ट्रॅक्टर घेणाऱ्या तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याला हा भार सोसणार नाही, हे खरंच आहे. पण यावर उपाय म्हणजे त्याच शेतकऱ्याला कायमचा जास्त धुरात ठेवणं, हे पटण्यासारखं नाही. ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी अनुदानं आजही दिली जातात. स्वच्छ इंजिनाची जादा किंमत त्यातून भरून काढता येईल; तसं करायचं तर निर्णय घ्यावा लागेल.

क्षमता नाही असंही म्हणता येत नाही, आणि ते महाराष्ट्राला तर मुळीच म्हणता येत नाही. पुणे आणि परिसर हा देशातल्या डिझेल इंजिनांचा बालेकिल्ला आहे. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आहे. विहिरीवरच्या इंजिनाला अजूनही कित्येक गावांत नुसतं ‘किर्लोस्कर’ म्हणतात. कमिन्स १९६२ पासून पुण्यात आहे. तळेगावात जेसीबीचा कारखाना आहे, सणसवाडीला जॉन डिअरचा, कांदिवली आणि नागपूरला महिंद्राचे. भारतात विकलं जाणारं इंजिन नियमात बसतं की नाही, हे तपासणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक, ‘एआरएआय’, पुण्याच्याच टेकडीवर आहे. तिथल्या चाचणीकक्षात इंजिन डायनॅमोमीटरला जोडून वीसेक मिनिटांच्या चक्रात कधी जोरात, कधी मंद, कधी अचानक ताण देऊन चालवलं जातं आणि धुराचा प्रत्येक घटक मोजला जातो. महिंद्रा १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकते आणि तिथले कडक नियम पाळूनच विकते. परदेशातल्या शेतकऱ्यासाठी जे जमतं ते इथल्या शेतकऱ्यासाठी तंत्र म्हणून अशक्य असू शकत नाही.

अडचण यंत्र विकल्यावर सुरू होते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गावातला मिस्त्री नोझल साफ करतो, पंपाचं टायमिंग कानाने जुळवतो, हाफ इंजिनचं काम झाडाखाली करतो. त्याच्या या कसबावर महाराष्ट्राची शेती चालली आहे. गाळणी आणि संवेदक लावलेल्या ट्रॅक्टरमध्ये मात्र पडद्यावर इशारा आला की संगणक जोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऐन सुगीत यंत्र आपोआप ताकद कमी करून बसलं आणि कंपनीचा माणूस दोन दिवसांनी आला, तर शेतकरी पुढच्या वेळी ती व्यवस्था काढून टाकणाराच शोधेल. अमेरिकेत नेमकं हेच घडलं. युरियाच्या व्यवस्थेत किरकोळ बिघाड झाला तरी यंत्रं रांगू लागतात, अशा तक्रारी तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं केल्या. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने उत्पादकांना सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं, म्हणजे बिघाड झाल्यावर दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळेल. भारताने हा धडा आधीच घेतला तर बरं. आयटीआयच्या अभ्यासक्रमात गाळणीची देखभाल हवी, आणि दोष वाचणारं उपकरण तालुक्याच्या गॅरेजलाही मिळायला हवं.

काही गोष्टी तर साध्या माहितीच्या आहेत. युरियाच्या द्रावणाचंच घ्या. शेतकऱ्याच्या घरात युरियाचं पोतं असतंच, मग तोच पाण्यात कालवून टाकीत घालायचा मोह कुणालाही होईल. पण २०१५ पासून शेतीचा अनुदानित युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो. तो लेप आणि त्यातली इतर अशुद्ध द्रव्यं फवारणीचं तोंड बुजवतात, उत्प्रेरक निकामी करतात आणि दुरुस्तीचा खर्च द्रावणाच्या कित्येक कॅनच्या वर जातो. दुसरी गोष्ट रिजनरेशनची. त्या वेळी सायलेन्सरमधून फार तापलेला वायू बाहेर पडतो. वाळल्या चाऱ्याजवळ किंवा सोयाबीनच्या गंजीशेजारी ट्रॅक्टर उभा करून ते चालू होऊ देणं म्हणजे आगीला बोलावणं. हे पुस्तिकेत छापलेलं असतं, पण पुस्तिका बहुतेक इंग्रजीत असते.

जुन्या यंत्रांचा प्रश्न याहून मोठा आहे. ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतो, इंजिनचं काम काढून आणखीही. आज पाचवा टप्पा सगळ्यांना लावला तरी कालची यंत्रं २०४० मध्येही शेतात असतील. त्यांच्या बाबतीत लगेच करण्यासारख्या गोष्टी जुन्याच आहेत: एअर क्लीनर वेळेवर साफ करणं, झिजलेली नोझल बदलणं, ताकद वाढावी म्हणून पंपातून जादा डिझेल सोडून न घेणं. काळा धूर म्हणजे इंजिनात दम आहे, ही समजूत चालकांत घट्ट बसलेली आहे. खरं तर तो न जळलेलं डिझेल असतो, पैसे देऊन घेतलेलं. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर रांगेत तासन् तास उभे असतात. तिथे इंजिन बंद ठेवण्याची शिस्त लागली तर डिझेलही वाचेल आणि गव्हाणीजवळच्या माणसांची छातीही.

जनरेटरांत भारताने जुन्यांकडेही लक्ष दिलं आहे. नव्या जनरेटरांसाठी जुलै २०२३ पासून ‘सीपीसीबी चार प्लस’ नियम लागला आणि मध्यम आकाराच्या इंजिनांची काजळीची मर्यादा एका फटक्यात दहाव्या हिश्शावर आली. जुन्यांसाठी दिल्ली परिसराच्या हवा गुणवत्ता आयोगाने धुरातली निदान ७० टक्के काजळी पकडणारं उपकरण बसवायला सांगितलं. आयआयटी दिल्लीतून निघालेल्या ‘चक्र’ या कंपनीने जनरेटरच्या धुरातली काजळी पकडून तिची शाईही बनवली.

बांधकाम यंत्रांबाबत लंडनचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २०१५ पासून शहरातल्या बांधकामांवर ठराविक टप्प्याच्या खालचं ३७ ते ५६० किलोवॉटचं यंत्र आणता येत नाही. प्रत्येक यंत्राची नोंद करावी लागते आणि पालिकेचे निरीक्षक साइटवर येऊन इंजिनावरची पाटी तपासतात. दर काही वर्षांनी अट एक पायरी कडक होते. जानेवारी २०२५ पासून सगळ्या शहरात युरोपचा चौथा टप्पा ही किमान अट आहे. ओस्लोने याहून पुढे जाऊन २०१९ मध्ये एका रस्त्याचं काम जवळपास पूर्णपणे विजेच्या यंत्रांनी करून दाखवलं आणि २०२५ पासून पालिकेच्या कामांवर धूर न सोडणारी यंत्रं हा नियम केला. नॉर्वेकडे जलविद्युत मुबलक आहे आणि पैसाही, त्यामुळे त्याची नक्कल लगेच इथे होणार नाही. पण सरकारने स्वतःच्या कामापासून सुरुवात करायची, ही रीत उचलण्यासारखी आहे.

विजेकडे जाण्याची वाट महाराष्ट्रात सर्वांत सोपी आहे ती पंपाच्या बाबतीत. सौर पंपांसाठीची केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये आली. शेतकऱ्याला खर्चाच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के. विहिरीवरचं डिझेल इंजिन जिथे सौर पंपाने जातं तिथे गाळणीचा प्रश्नच उरत नाही. ट्रॅक्टरचं तसं नाही. बॅटरीवरचे छोटे ट्रॅक्टर बाजारात आले आहेत आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सीएनजीवर चालवण्यासाठी बदललेला ट्रॅक्टरही लोकांसमोर आणला. पण भर उन्हाळ्यात दिवसभर खोल नांगरट करायला लागणारी ऊर्जा आजच्या किमतीत बॅटरीतून मिळत नाही. पुढची काही वर्षं तरी नांगर डिझेलवरच चालेल, म्हणून ते डिझेल कसं जळतं याला महत्त्व आहे.

मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात हवा बिघडली तेव्हा पालिकेने बांधकामांना नियम घालून दिले. उंच इमारतींभोवती ३५ फूट पत्र्यांचं कुंपण, ताडपत्री, पाण्याचे फवारे असा त्याचा मुख्य रोख धुळीवर होता. धूळ डोळ्यांना दिसते, म्हणून ती आधी आठवते. त्याच कुंपणाच्या आत चालणाऱ्या पोकलेनच्या इंजिनावर कोणत्या टप्प्याची पाटी आहे, हेही त्याच निरीक्षकाला त्याच फेरीत पाहता येईल. आता ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं काम सुरू आहे. राज्यात यापुढेही डोंगर पोखरले जाणार आहेत आणि ती सगळी कामं सरकारी निविदांतून जातात. बोगद्याच्या आत जाणाऱ्या प्रत्येक डिझेल यंत्राला गाळणी असलीच पाहिजे, ती नाही त्याला दारातूनच परत पाठवायचं आणि गाळणीचा खर्च कामाच्या किमतीत आधीच धरायचा, एवढं एक कलम त्या निविदांत घालायला नवा कायदा लागत नाही. स्वित्झर्लंडच्या विमा संस्थेने पंचवीसेक वर्षांपूर्वी बोगद्यांसाठी तीच अट घातली होती.